सिस्टर बाटलीचं नाव का सांगत नाहीत?

प्रश्न : माझं पहिलंच बाळंतपण आहे. आठवा महिना चालू आहे, माहेरी दुधनीला आले आहे. नोकरी सोलापुरात, खासगी कंपनीत. रजा संपल्यावर बाळाला आई-आजीजवळ ठेवून दुधनीहूनच रेल्वेने जाणं-येणं करायचा विचार आहे. फोनवर दूध काढायच्या पंपांच्या जाहिराती सारख्या दिसतात, बाटल्यांची मात्र एकही दिसत नाही. तपासणीला गेले तेव्हा सिस्टरना विचारलं, "बाटली कुठल्या कंपनीची घेऊ?" त्या म्हणाल्या, "ते आम्ही सांगत नसतो." असं का? पंप कोणता घ्यावा, बाटल्या किती घ्याव्यात? नणंदेचा पंप पडून आहे, तो चालेल का? आजी म्हणते, काही घेऊ नकोस, घरात चांदीचं बोंडलं आहे.
— एक वाचक, दुधनी (ता. अक्कलकोट)

उत्तर : सिस्टरनी तुम्हाला टाळलेलं नाही, त्यांनी त्यांचं काम चोख केलं. आपल्याकडे बाळाची बाटली, तिचं बूच, दुधाची पावडर आणि दोन वर्षांखालच्या मुलांसाठीचे डबाबंद खाद्यपदार्थ यांची जाहिरात करायला बंदी आहे. हा कायदा १९९२ साली संसदेने केला, १ ऑगस्ट १९९३पासून तो लागू झाला आणि २००३मध्ये दुरुस्ती होऊन आणखी कडक झाला. कंपनीने दवाखान्यात पोस्टर लावायचं नाही, बाळंतिणीच्या हातात फुकटचा डबा ठेवायचा नाही, डॉक्टर-नर्सना भेटवस्तू किंवा कमिशन द्यायचं नाही, त्यांच्या परिषदांचा खर्चही उचलायचा नाही. खप वाढवण्यासाठी बाटलीवर सूट किंवा भेट देणंही कायद्यात बसत नाही. सिस्टरनी एखादं नाव नुसतं उच्चारलं म्हणजे गुन्हा झाला असं नव्हे. पण बाळंतिणींच्या वॉर्डात ऐकलेलं नाव घरोघर पोचतं, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

एवढा कडकपणा कशासाठी, असं तुम्हाला वाटेल. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरच्या गरीब वस्त्यांत पावडरचं दूध आणि बाटली पोचली, पण स्वच्छ पाणी पोचलं नाही. डबा महाग, म्हणून तो पुरवून पुरवून वापरायचा, दूध पातळ करायचं. बाटली नीट उकळली जायची नाही. पुढे जुलाब, मग बाळ सुकत जाणं, आणि कितीतरी बाळं त्यात गेली. मे १९८१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने या मालाच्या विक्रीची आचारसंहिता मंजूर केली. बाजूने ११८ देश होते, विरोधात एकटी अमेरिका. भारताने १९८३मध्ये स्वतःची संहिता केली, पण ती मोडणाऱ्याला शिक्षा नव्हती. म्हणून कायदा लागला. या कामात आपल्या राज्यातली माणसं पुढे होती. 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' ही संस्था ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्याला स्थापन झाली. मुंबईत 'असोसिएशन फॉर कन्झ्युमर्स ॲक्शन ऑन सेफ्टी अँड हेल्थ' ही संस्था याच प्रश्नावर झगडत होती. कायदा मोडणाऱ्या कंपनीविरुद्ध न्यायालयात जायचा अधिकार सरकारने ज्या मोजक्या संस्थांना दिला, त्यांत या दोन्ही होत्या.

पंप मात्र त्या कायद्याच्या यादीत नाही, म्हणून तुमचा फोन पंपांनी भरलेला असतो. त्या जाहिराती बघून वाटतं, झबली, टोपडी, दुपटी आणि पंप, असा आताचा बाळंतविडा असावा. तसं काही नाही. पंप ठराविक प्रसंगी लागतो. बाळ अपुऱ्या दिवसांचं म्हणून पेटीत ठेवलेलं असेल, त्याला ओढता येत नसेल, आई आणि बाळ दोन वेगळ्या दवाखान्यांत असतील, किंवा आईला कामावर जायचं असेल. तुमची गरज शेवटच्या प्रकारची आहे आणि तिला अजून काही महिने अवकाश आहे. आत्ता, आठव्या महिन्यात, पंप घेऊन ठेवू नका. बाळंतपणानंतर छातीचा आणि बोंडशीचा आकार बदलतो, आत्ता घेतलेलं माप पुढे बसत नाही, आणि वॉरंटीही पेटीतच संपून जाते.

त्याऐवजी रजेचं गणित आत्ताच मांडा. पहिल्या बाळंतपणाला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे तारखेआधी घेता येतात, आणि आधी जेवढे गेले तेवढे नंतर कमी होतात. आठही आधी गेले तर उरतात १८. म्हणजे बाळ चार महिन्यांचं होतं न होतं तोच तुम्ही कामावर. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यायचं असतं, एप्रिल-मेच्या उन्हातसुद्धा वरून पाणी नाही, मध नाही, घुटी नाही. कामावर रुजू होणं आणि बाळाचे सहा महिने पुरे होणं यांच्यामध्ये जे सात-आठ आठवडे पडतात, त्यांच्यासाठी ही सगळी तयारी. सहा महिन्यांनंतर बाळ वरचं खायला लागतं आणि ओढाताण बरीच कमी होते, दूध मात्र दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवता येतं.

पंपाच्या आधी हात शिका. हे मी आवर्जून सांगते, कारण दुकानात कुणी सांगणार नाही. हाताने दूध काढायला खर्च नाही, लाईट लागत नाही, आणि आडवेळी छाती दाटून आली तर गाडीच्या डब्यात ओढणीआडही ते जमतं. हात साबणाने धुवा. कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने छाती शेका, हलक्या हाताने चोळा. मग अंगठा वर आणि पहिली दोन बोटं खाली, बोंडशीपासून तीन-चार सेंटिमीटर मागे ठेवा. आधी सरळ मागे, बरगड्यांकडे दाबा. तसंच दाबून धरून अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणा, आणि सोडा. पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. बोटं कातडीवरून घसरवायची नाहीत, बोंडशी ओढायची नाही. सुरुवातीला मिनिट-दोन मिनिटं काहीच येत नाही, इथेच पुष्कळ जणी सोडून देतात. मग थेंब येतात, आणि पान्हा फुटला की बारीक धारा. धार मंदावली की बोटं घड्याळाच्या काट्यांसारखी थोडी सरकवा, म्हणजे सगळ्या बाजू मोकळ्या होतात. दुखायला लागलं तर पद्धत चुकते आहे, जोर कमी करा.

शिकायला माणूस गावात आहेच. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. बाळाचं वजन करून त्यांना तसंच पाठवू नका, समोर बसवून हात दाखवायला सांगा. पहिले काही आठवडे मात्र काढणं-साठवणं यात पडू नका. बाळ जन्मल्यावर तासाभरात छातीशी घ्या, चीक टाकून देऊ नका, आणि दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा बाळ मागेल तसं पाजा. पहिला आठवडा संपता संपता बाळ दिवसात सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतं आहे. कामावर जायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून दिवसातून एकदा काढायचा सराव केला तरी पुरे. फ्रीझर भरून ठेवायची गरज नाही. आज काढलेलं उद्या लागतं, एवढाच हिशेब.

आता पंप. तुम्ही दिवसाला नऊ-दहा तास घराबाहेर असाल, म्हणजे साधारण तीन-तीन तासांनी, दोन ते तीन वेळा दूध काढावं लागेल. हाताने दाबायचा पंप स्वस्त आणि हलका असतो, धुवायला सोपा, त्याला वीज नको. जिला अधूनमधून काढायचंय तिला तो उत्तम. रोज कामाच्या ठिकाणी काढायचं तर विजेचा पंप हात वाचवतो, आणि दोन्ही बाजूंना एकदम लावायचा पंप वेळही वाचवतो: एकेका बाजूला पंधरा मिनिटं धरली तर अर्ध्या तासाचं काम पाव तासात. विजेचाच घ्यायचा झाला तर बॅटरीवर चालणारा, चार्ज होणारा घ्या, नुसता प्लगवर चालणारा नको. दुधनीत लाईट कधी जाईल याचा नेम नाही आणि गाडीत प्लग मिळेलच असं नाही. ब्लाऊजच्या आत बसवायचे बिनवायरचे पंप जाहिरातीत फार छान दिसतात, पण ते महाग असतात आणि पहिलाच पंप म्हणून मी ते सुचवणार नाही.

खरी महत्त्वाची गोष्ट आहे छातीवर बसणाऱ्या चाडीचं, म्हणजे नरसाळ्यासारख्या भागाचं, माप. पेटीत बहुतेक वेळा २४ मिलीमीटरची चाडी येते आणि ती सगळ्यांना बसत नाही. पट्टी घेऊन बोंडशीची रुंदी बुडाशी मोजा, चाडीची नळी त्याहून जराच मोठी हवी. पंप चालू असताना बोंडशी नळीत मोकळी पुढेमागे व्हावी. कडेला घासत असेल, पांढरी पडत असेल, किंवा भोवतीचा काळा भागही आत ओढला जात असेल, तर माप चुकलं आहे. म्हणून वेगवेगळ्या मापांच्या चाड्या आणि वॉशर-पडदे सुटे मिळतात असाच पंप घ्या. सोलापूरच्या दुकानात हे विचारून घ्या, ऑनलाइन मागवलात तर सुटे भाग मिळतात का ते आधी बघा. ओढ कमी-जास्त करायची सोय हवी, आणि ती कमीवरून सुरू करून सहन होईल तिथवरच न्यायची. जोर वाढवल्याने दूध वाढत नाही, दुखलं की उलट पान्हा आखडतो.

औषधाच्या दुकानात एक स्वस्त पंप मिळतो, वाटीसारखं तोंड आणि त्याला रबरी फुगा. तो घेऊ नका. ओढ किती बसते यावर ताबा राहत नाही, बोंडशीला इजा होते, दूध फुग्यात शिरतं आणि फुगा आतून स्वच्छ करता येत नाही. स्वीडनच्या आयनार एग्नेल यांनी १९५०च्या दशकात पंपावर काम केलं ते याच दुखण्यावर. एकसारखी ओढ न ठेवता ओढायचं आणि सोडायचं, आणि ओढीला मर्यादा ठेवायची. आजच्या चांगल्या पंपातही तेच आहे. बोंडशी आत गेलेली असेल तर आणखी एक साधा उपाय आहे आणि तो तुमच्या शेजारच्याच कर्नाटकातला. दावणगिरीच्या डॉक्टरांनी १९९३ साली साध्या इंजेक्शनच्या सिरिंजने बोंडशी बाहेर आणायची रीत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. सुई लावायच्या बाजूचं टोक कापायचं आणि दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने घालायचा, म्हणजे छातीला सिरिंजची मूळची गुळगुळीत कड लागते. हे घरी स्वतःच्या मनाने करू नका, बाळंतपणानंतर सिस्टरकडून करून घ्या, शिकून घ्या.

नणंदेच्या पंपाबद्दल. बाहेर काढून पाहा, दुधाची बाजू आणि मोटरची बाजू यांच्यामध्ये पडदा आहे का. नसेल तर दूध किंवा त्याची वाफ नळीवाटे मोटरपर्यंत जाऊ शकते, तिथे बुरशी धरते आणि ती उकळून काढता येत नाही. असा पंप नात्यातला असला तरी वापरू नका. पडदा असेल आणि मोटर नीट चालत असेल, तर दुधाला लागणारा प्रत्येक भाग, चाडी, नळी, पडदा, वॉशर, बाटली, नवा घ्या आणि फक्त मोटर तिची वापरा. वॉशर ताणले गेले की ओढ बसत नाही आणि बाईला वाटतं आपलं दूधच आटलं.

यावरून सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट सांगते. पंपात किती आलं यावरून छातीत किती आहे हे ठरत नाही. बाळ जीभ आणि जबडा दोन्ही लावून ओढतं, त्याच्या स्पर्शाने, वासाने, रडण्यानेसुद्धा पान्हा फुटतो. यंत्राला हे जमत नाही. पहिल्या दिवशी तळाशी जेमतेम पन्नास मिली दिसलं तर घाबरू नका. आणि त्या पन्नास मिलीकडे बघून घरातल्या कुणीही "दूध कमी आहे, पावडर आणा" म्हणू नये. पावडर लागेलच अशी वेळ आली तर ते बालरोगतज्ज्ञ सांगतील, आणि त्यांनी सांगितलं तर मनाला लावून न घेता द्या.

काढलेलं दूध साठवण्याच्या बाबतीत आपलं हवामान लक्षात घ्यायलाच हवं. बाहेर चार तास टिकतं असं सांगितलं जातं, ते २५ अंशांच्या खोलीसाठी. सोलापूरकडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. तुमच्याकडे दूध काढलं की लगेच गार झालं पाहिजे. कामाच्या ठिकाणी फ्रीज नसेल तर बर्फाच्या गोठलेल्या पिशव्या घातलेली जाड अस्तराची पिशवी न्या, तीत बर्फ टिकला तर चोवीस तासांपर्यंत चालतं. घरच्या फ्रीजमध्ये ते मागच्या बाजूला ठेवा, दारात नको. फ्रीज अखंड थंड राहत असेल तर चार दिवस टिकतं, पण जिथे लाईट तासन्‌तास जाते तिथे मी दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवणार नाही. भांड्यावर तारीख-वेळ लिहा. वर साय धरलेली दिसेल, ते नासलेलं नव्हे, हलकेच फिरवलं की मिसळतं. कोमट पाण्याच्या वाटीत भांडं ठेवून गार मोडा. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये नाही. बाळाने उष्टं सोडलेलं दोन तासांत संपवा, नाहीतर टाका.

घरातली मोठी माणसं दूध उकळायला सांगतील, कारण म्हशीचं दूध आपण उकळतोच. आईचं दूध स्वतःच्या बाळासाठी उकळायचं नसतं. तापवलं जातं ते इतर आयांनी दिलेलं दूध. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. मातृदुग्धपेढीत दूध ६२.५ अंशांवर तीस मिनिटं तापवतात, कारण तिथे एका आईचं दूध दुसरीच्या अशक्त बाळाला जायचं असतं. तुमच्या घरी तो प्रश्नच नाही.

आणि बाटल्या? माझं मत विचाराल तर आजीचं ऐका. बोंडलं काही अडगळीतली वस्तू नाही. दक्षिणेत पालाडाई, तुमच्या भागातल्या कन्नड घरांत ओळले म्हणतात ते हेच, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आजही दवाखान्यात अशाच भांड्याने पाजतात. त्याला बूच नाही, फटी नाहीत, जंतू दडायला जागा नाही. छातीवर आणि बुचावर ओढायची रीत वेगळी असल्याने काही बाळं बाटलीची सवय लागली की छातीला नको म्हणतात, तीही अडचण इथे येत नाही. चांदीच्या बोंडल्याला सांध्यात कुठे भेग नाही ना, चोचीच्या आत मळ नाही ना, ते बघा आणि रोज उकळा. पितळेचं मात्र नको. आजीला एकच विनंती करा, बाळाला मांडीवर आडवं पाडून घशात ओतायचं नाही. डोकं उंच धरायचं, चोच खालच्या ओठावर टेकवायची, थोडं ओतून बाळ गिळेपर्यंत थांबायचं. स्टीलची वाटी-चमचाही तितकाच चांगला.

तरीही बाटली हाताशी हवी वाटली तर दोन पुरेत, फार तर तीन, १२० ते १५० मिलीच्या. या वयाचं बाळ एका वेळी साधारण ६० ते १२० मिली पितं आणि दिवसभरात सरासरी ७५० मिलीच्या आसपास, म्हणजे तुमच्या दहा तासांसाठी तीनशे-साडेतीनशे मिली. अडीचशेची बाटली कशाला? आयएसआयची खूण बघूनच घ्या, तिच्याशिवाय बाळाची बाटली विकायलाच परवानगी नाही. तोंड रुंद हवं, ब्रश तळापर्यंत गेला पाहिजे. काच उकळायला उत्तम, पण फुटते. प्लास्टिक घ्यायचं तर पॉलिप्रोपिलीनचं, बुडाशी त्रिकोणात ५ आकडा असतो. त्यात उकळतं पाणी ओतून हलवू नका. आयर्लंडच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२०मध्ये दाखवलं की अशा बाटलीत कडक गरम पाणी हलवलं की प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण लाखोंनी सुटतात. उकळलेली बाटली गार होऊ द्या, मगच दूध घाला. बूच सगळ्यात कमी धारेचं घ्या, बाटली आडवी धरून थांबत थांबत पाजा, उशीला टेकवून बाळाच्या तोंडात देऊ नका. प्रत्येक वापरानंतर सगळे भाग सुटे करून धुवा, दिवसातून एकदा दहा मिनिटं उकळा, फडक्याने न पुसता जाळीवर वाळवा. बोअरच्या जड पाण्याने पांढरा थर बसत असेल तर उकळायला पिण्याचं पाणी घ्या.

छातीत गाठ होऊन लाल झालं, ताप आला, तर पंप आणि हात दोन्ही सोडून देऊ नका, पाजणं चालू ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

नोकरीचं शेवटी सांगते, कारण त्याची तयारी तुम्हालाच करायची आहे. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीखेरीज, दिवसातून दोन वेळा बाळाला पाजण्यासाठी वेळ मिळणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे. मातृत्व लाभ कायद्यातली ही तरतूद नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभाही आहे. तुमचं बाळ दुधनीत असणार, म्हणून त्या दोन वेळा दूध काढण्यासाठी मिळाव्यात असा अर्ज रुजू व्हायच्या महिनाभर आधी लेखी द्या, पोच घ्या. अर्जात तीन गोष्टी मागा: आतून कडी लागणारी खोली, एक प्लग आणि फ्रीजमधला एक कप्पा. कुणी स्वच्छतागृह दाखवलं तर नाही म्हणा. तिथे आपण कुणाचंच जेवण बनवत नाही.